तारखेच्या पानामागचा मजकूर

सिदूअण्णा,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहून दे, असं सेक्रेटरींनी मला बजावलंय. जन्म कुठला, शिक्षण किती, हळदीच्या पेठेत अडत दुकानावर किती वर्षं दिवाणजी होतात, हे सगळं त्यांनी एका कागदावर काढूनही दिलंय. तो कागद मी बाजूला ठेवला. त्यात तुम्ही कुठं सापडत नाही. तसे तुम्ही दिसायचातच कुठं म्हणा! सांगलीत आमच्या मंडळाची एवढी नाटकं झाली, आणि प्रत्येक नाटकात तुम्ही विंगेत स्टुलावर, मांडीवर संहिता, हातात फडकं बांधलेली बॅटरी. प्रेक्षकांना पत्ता लागला तर ज्याचं काम बिघडलं असं समजायचं, ते प्रॉम्प्टरचं काम तुम्ही केलंत.

तुमची जीभ अडखळायची, हे स्मरणिका वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक नसेल. पेठेत कुणी भाव विचारला तर पहिलं अक्षर बाहेर पडेपर्यंत तुमचे डोळे मिटायचे, मान हलायची, आणि विचारणारा शेजारच्याला विचारून मोकळा झालेला असायचा. पण कुजबुजताना एक अक्षरसुद्धा अडकायचं नाही. मिरजेच्या एका डॉक्टरांना तुम्ही कारण विचारलं होतंत, तर ते म्हणाले, असं असतं काहीकाहींचं. तेवढ्यावर तुम्ही समाधान मानलंत आणि सरळ प्रॉम्प्टर झालात. अंधारात बसून राजा, दिवाण, सासू, पोलीस सगळ्यांची वाक्यं तुम्ही न अडखळता बोललात. ती आमच्या नावावर जमा झाली.

मी मंडळात आलो बाहत्तरच्या दुष्काळात. तासगावकडच्या खेड्यातला, पाटबंधारे खात्यात नुकता चिकटलेला कारकून. पाणी नसलेल्या कॅनॉलच्या फायली लिहायच्या आणि संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालमीला यायचं. पहिल्याच नाटकात मला रडायचं काम मिळालं आणि मी धो धो रडलो. सगळ्यांनी पाठ थोपटली. दिग्दर्शक म्हणाले, ‘पोरात आग आहे.’ मी हवेत. चपला घालताना तुम्ही माझ्या हातात एक कागद सरकवलात. भिंतीवरच्या कॅलेंडरचं रोज फाडायचं पान असतं ते. पुढच्या बाजूला तारीख, एकादशी, चंद्रोदय. मागं तुमचं बारीक अक्षर: ‘छान रडतोस. पण रडताना शब्द गिळतोस. मी बघत नसतो, ऐकत असतो.’ पानाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पिवळा ठसा. तुमच्या हातांची हळद कधी पुरती निघालीच नाही.

खरं सांगू? राग आला. कोण हा माणूस, असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तालमीत मी रडलो ते शब्द न गिळता, आणि समोरच्या बाईंच्या डोळ्यांत पहिल्यांदा खरं पाणी आलं. त्या संध्याकाळी मी तुमच्याबरोबर पुलापर्यंत चालत आलो. कोपऱ्यावर भडंगाच्या पुड्या घेतल्या. तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, ‘आज आलं रं ऐकू.’ नदीवरून वारा होता आणि तुमची कुजबूज ऐकायला मला कंबरेत वाकावं लागत होतं. लोक बघायचे. दोन बाप्ये भर रस्त्यात एकमेकांच्या कानाला लागलेत!

मग तसंच ठरून गेलं. दिवसाला एक पान, पानावर एकच चूक. दोन कधी नाहीत. मी एकदा चिडून म्हटलं, ‘अण्णा, एकदमच सांगा की सगळ्या. रोज रोज काय मारताय?’ तर तुम्ही कुजबुजलात, ‘एक लागली तर लागली. धा सांगितल्यावर तू माझ्यावर चिडशील, चुकीवर चिडणार न्हाईस.’ वर चतुर्थी आणि मागं माझा उतावळेपणा, वर अमावास्या आणि मागं माझी हातवारे करायची खोड, असं माझं शिक्षण झालं. तुम्ही स्टेज बघतच नव्हता, त्यामुळे माझा चेहरा, माझे डोळे, माझा फेटा, यांनी तुम्हाला फसवायची सोयच नव्हती. ‘तिसऱ्या अंकात तू खुर्चीवर बसलास ते मला आवाजावरून कळलं न्हाई. आवाज उभाच हुता.’ हे मला कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं असतं?

आणि विश्वास किती! मी वाक्य विसरलोय की मुद्दाम थांबलोय, हे तुम्ही श्वासावरून ओळखायचात. ‘इसारलास की तू श्वास आत वढतोस. थांबलास की सोडतोस.’ सात वर्षांत माझ्या थांबण्यात तुम्ही एकदाही वाक्य टाकलं नाहीत. दुसऱ्या मंडळांत मी बघितलंय, नट जरा थांबला की प्रॉम्प्टर घाईनं वाक्य ढकलतो आणि पहिल्या तीन रांगांना ते आधी ऐकू जातं.

आता साताऱ्याचं लिहायला पाहिजे. इथपर्यंत आलो तेच ते टाळण्यासाठी, हे तुम्ही असतात तर मागच्या परिच्छेदातच ओळखलं असतंत.

ते नाटक बांगलादेशच्या लढाईनंतर आपल्याच एका सभासदानं लिहिलेलं. म्हातारा बाप, मुलगा पलटणीत. तार येते. बाप ती वाचतो आणि सुनेला म्हणतो, ‘जेवायला वाढ.’ एवढाच प्रसंग. तालमीत मी तार वाचल्या वाचल्या वाक्य म्हणायचो, गळा दाटून. तुमचं पान आलं: ‘तार वाचलीस हे मला कळत नाही. कागदाची घडी घाल. सावकाश. घडीचा आवाज मला विंगेत येऊ दे, मग बोल.’ मी घातली. हॉलमध्ये चहा घेऊन आलेला माणूस किटली धरून उभाच राहिला. तेव्हापासून ती घडी म्हणजे मी झालो. वर्तमानपत्रात आलं, ‘त्या एका घडीत संपूर्ण युद्ध सामावले आहे.’ लोक रस्त्यात थांबवून विचारायचे, हे सुचलं कसं? मी म्हणायचो, ‘सुचतं असं कधीकधी.’ तुम्ही शेजारी उभे असलात तरी म्हणायचो. तुम्ही चपलेकडं बघत असायचात.

साताऱ्याच्या स्पर्धेत हॉल गच्च भरलेला. निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी पलटणीत असलेला तो मुलूख. मी तार वाचली, घडी घातली. बायकांच्या बाजूनं एक हुंदका आला. मी थांबलो. आणखी एक आला. मी अजून थांबलो. काय सांगू अण्णा, ते ऐकताना मला इतकं बरं वाटत होतं! अख्खा हॉल माझ्या मुठीत आहे असं वाटलं. किती वेळ थांबलो कोण जाणे. मग म्हटलं, ‘जेवायला वाढ.’ टाळ्यांनी छप्पर उडालं. अभिनयाचं पहिलं बक्षीस मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण सगळे धर्मशाळेच्या ओसरीवर मिसळ खात बसलो होतो. माझ्या गळ्यात कालचा हार अजून होता. हो, होता, लाज वाटते पण होता. तुम्ही आलात आणि पान दिलंत. धर्मशाळेच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचं, आदल्या दिवसाचं. मागं लिहिलेलं: ‘घडी घालून झाली होती. श्वासही सोडून झाला होता. तरी थांबलास. कुणासाठी?’

पोरं विचारायला लागली, ‘रघूदादा, काय लिवलंय? वाचा की!’ मी उभा राहिलो. आणि वाचलं. साधं वाचलं नाही. तुमची जीभ जिथं जिथं अडते, तिथं तिथं अडखळत वाचलं. डोळे मिटून, मान हलवून. ‘क-क-क-’ एवढ्यावर मी थांबलो, कारण हशा तिथं फुटणार हे मला पक्कं ठाऊक होतं. तो फुटला. मग मी ‘कुणासाठी’ पुरं केलं, तर दुसरा फुटला. वर मी म्हणालो, ‘ज्याला जन्मात एक वाक्य धड म्हणता आलं नाही, तो आम्हाला कुठं थांबायचं ते शिकवणार!’

सगळे हसले. तुम्हीही हसलात. ते तोंडदेखलं हसू मी अजून विसरलो नाही. मग तुम्ही खाली बसून माझ्या ताटलीशेजारी पडलेलं पान उचललंत, खिशात घातलंत आणि सामान ट्रकवर चढवायला गेलात. नाटकाचा पडदा तुम्हीच नेहमी गुंडाळायचात. त्या दिवशीही तुम्हीच गुंडाळलात.

मी माफी मागितली नाही. संध्याकाळी सांगलीत पोचलो तेव्हा मागीन असं वाटलं होतं. मग म्हटलं, तालमीला भेटतीलच. तालमीला भेटलात तेव्हा म्हटलं, आता दिवस गेले, आता उकरून कशाला. नंतर तर मीच रुसल्यासारखा वागायला लागलो. चूक माझी आणि तोंड फिरवायचो मी. माणूस किती कोडगा होऊ शकतो, हे मला स्वतःकडं बघून कळलंय.

त्यानंतर तीन वर्षं तुम्ही एकही तालीम चुकवली नाहीत. माझी वाक्यं मला नेहमीसारखीच मिळत राहिली. फक्त पान आलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, ‘अण्णा, आजचं कसं झालं?’ तुम्ही माझ्याकडं बघितलंत. डोळे मिटलेत, मान हलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, ‘छ-छ-छान.’ तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तुम्ही माझ्याशी मोठ्यानं बोललात. पेठेतल्या परक्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं. साताऱ्याआधीच्या चार वर्षांत तुम्ही माझ्याशी कुजबुजण्यापलीकडं कधी बोललाच नव्हता.

या तीन वर्षांत मला भरपूर टाळ्या मिळाल्या आणि माझं काम बिघडत गेलं. कुणी म्हणत नाही, पण मला समजतं. मी सगळीकडं थांबायला लागलो. चहा पितानाही थांबतो. नवी पोरं माझी नक्कल करतात, ती माझ्या थांबण्याचीच. घरी आरशासमोर बसून मी स्वतःच स्वतःची चूक काढायचा प्रयत्न केला. होत नाही हो. आरसा माझ्याच बाजूचा. मित्रांना विचारलं तर ते म्हणतात, ‘तू काय बाबा, तुझा प्रश्नच नाही.’ कौतुक करणाऱ्या चाळीस माणसांत मी एकटा पडलो होतो आणि एकच चूक सांगणारा माणूस सहा फुटांवर विंगेत बसलेला होता. मी उठून तिथवर गेलो नाही.

तरी एक भांडण माझं बाकी आहे, ते आज मांडतोच. साताऱ्यात त्या बाया रडल्या ते खोटं होतं का? कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा त्यांना आठवला असेल. मी जरा जास्त थांबलो म्हणून त्यांना जरा जास्त रडता आलं, तर त्यात नाटकाचं काय बिघडलं? याचं उत्तर तुमच्याकडं असणार. मला अजून पुरतं पटलेलं नाही. भांडायला तुम्ही पाहिजे होतात, अण्णा. पूल पार होईपर्यंत भांडलो असतो.

मिरजेच्या दवाखान्यात तुम्हाला बघायला आम्ही चौघे आलो होतो. तुमचं ते हडकलेलं शरीर बघून मी घाबरलो आणि घाबरलो की मी मोठ्यानं बोलतो. ‘काय अण्णा! तुमच्याशिवाय प्रयोग अडलाय, लवकर उठा!’ वॉर्डातले लोक वळून बघायला लागले. तुम्ही हात जरासा उचललात आणि बोटानं मला खुणावलंत. जवळ ये. कान खाली कर. ती खूण मी ओळखली नाही असं म्हणणं म्हणजे पाप होईल. मी ओळखली. तीन वर्षांनी तुम्ही माझ्याशी कुजबुजणार होता. आणि मी दोन पावलं मागं सरलो आणि म्हणालो, ‘बोलू नका, डॉक्टर रागावतील.’ तुम्ही हात पांघरुणावर ठेवलात. कदाचित पाणीच मागायचं असेल. कदाचित उशी नीट करून पाहिजे असेल. मला ते कधीच कळणार नाही आणि ते माझ्यामुळं कळणार नाही. पाच दिवसांनी तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी वैनींना भेटायला घरी गेलो. गौरावैनींनी मला बसायला पाट दिला. मी भीत भीत विचारलं, ‘अण्णांच्या संहिता, कागद, काही आहे का ठेवलेलं?’ वैनी म्हणाल्या, ‘संहिता त्या फळीवर हाईत. कागद कसलं?’ मी म्हटलं, ‘तारखेची पानं. मागं काही लिहिलेलं.’

‘ती व्हय! ह्ये रोज लिवायचे की. नाटकाची तालीम झाली की घरला येऊन लिवायचे, उशाला ठेवायचे आन सकाळी बंबात टाकायचे. मी म्हणायची, आवं, मग लिवतासा कशाला? तर नुसतं हसायचे.’

न्हाणीघराच्या दारात तांब्याचा बंब होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. तीन वर्षं तुमच्या अंघोळीचं पाणी माझ्या चुकांवर तापत होतं, अण्णा. तुम्ही ऐकणं थांबवलं नव्हतं. लिहिणंही थांबवलं नव्हतं. फक्त माझ्या हातात देणं थांबवलं होतं. मी तिथंच पाटावर बसून रडलो. वैनींना वाटलं, तुम्ही गेलात म्हणून रडतोय. त्यांनीच मला पाणी आणून दिलं, ज्या बाईचा नवरा गेला होता तिनं. मी ते प्यालो आणि काही न सांगता निघून आलो.

परवा शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. माझं भाषण शेवटी ठेवलं होतं. मी तुमचं स्टूल, तुमची बॅटरी, तुमचा पिवळा अंगठा, सगळं सांगितलं. ‘आमच्या प्रत्येक शब्दामागं एक माणूस होता,’ असं म्हणालो आणि थांबलो. मागच्या बाजूनं एक हुंदका आला. आणि मी अजून थांबलो.

तुमच्या शोकसभेत, अण्णा. तुमच्या फोटोला हार घातलेला, उदबत्ती जळतेय आणि मी हुंदके मोजत उभा! ध्यानात आलं आणि पुढचं पाठ केलेलं सगळं उडालं. श्वास आत ओढला गेला, खरोखरीच विसरल्यावर ओढला जातो तसा, आणि उजवीकडच्या विंगेतून काही आलं नाही. मग मी साताऱ्याचं सांगून टाकलं. कसंबसं, खाली बघत. मिसळ, पान, मी केलेली नक्कल. काही वाक्यं पुरी झाली, काही झाली नाहीत. कुणी रडलं नाही. खाली बसलो तेव्हा सभेत कुजबूज चालली होती. सेक्रेटरींनी घाईघाईनं आभार मानले आणि लोक पांगले.

दारात चपला शोधत होतो तेव्हा वैनी आल्या. त्या अगदी मागं, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

‘भावजी, पयलं समदं ऐकू आलं. शेवटचं काय म्हणालासा, त्ये आलं न्हाई. सातारला काय झालं?’

मी म्हटलं, ‘राहू द्या वैनी, नंतर सांगतो.’

‘न्हाई. आत्ता सांगा.’

मग दारात उभं राहून मी त्यांना सांगितलं. समोर एकटी ती बाई. त्यांची जीभ कशी अडते ते मी दहा जणांसमोर करून दाखवलं, वैनी, आणि ते हसले. त्यांनी मला सगळं शिकवलं आणि मी ते स्वतःचं म्हणून मिरवलं. माफी मागितली नाही. दवाखान्यात त्यांनी बोलावलं तर मागं सरलो. बंबात जी पानं गेली ती माझी होती. एवढंच. बोलायला फार वेळ लागला नाही. मध्ये कुठं थांबलो नाही.

वैनींनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, ‘आत्ता नीट आलं ऐकू.’

मी पायांना हात लावायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

‘मला सांगून काय उपेग, भावजी? हे त्यांला सांगायचं व्हतं.’

म्हणून तुम्हाला सांगतोय, अण्णा.